पाथरीची बहीण : गच्चीवरच्या कच्च्या पाल्याच्या नोंदी

६ ऑक्टोबर, अमळनेर

आजपासून ही वही.

श्रावणात हिला विषमज्वर झाला. तीन आठवडे अंथरुणात गेले. कोणत्या घासातून आला ते कुणालाच सांगता येणार नाही, पण डॉक्टरांनी बाहेरचा कच्चा पाला बंद करायला सांगितला आणि आमच्या ताटातून घोळाणा गेला. खान्देशाबाहेरच्यांसाठी लिहितो: मेथीची किंवा करडईची कोवळी पानं हातानं मोडायची, त्यात कांद्याची पात, दाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि कच्चं तेल घालायचं, आणि हातानंच घोळायचं. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. माय आता अठ्ठ्याहत्तरची आहे. तिच्या हिवाळ्याचं अर्धं जेवण हेच. दोन महिने ती काही बोलली नाही. परवा भाकरी मोडता मोडता एवढंच म्हणाली, "यंदा मेथी नही का?"

मेथी बाजारात येईलच. ती कुठल्या पाण्यावर वाढली हे मात्र विकणाऱ्या बाईलाही ठाऊक नसतं. नाल्यात मोटार टाकून भिजवलेले भाजीचे वाफे मी स्वतः पाहिलेत. शिजवून खायच्या भाजीत बराचसा धोका चुलीवर संपतो. कच्चं खायचं तर पाणी आणि खत दोन्ही आपल्या माहितीचं हवं. म्हणून ठरवलं, होळीपर्यंत तीन माणसांना रात्रीच्या जेवणाला पुरेल इतका कच्चा पाला गच्चीवर काढायचा.

लेक पुण्याला शिकते. तिला सांगितलं तर तिनं लगेच लेट्यूसची दोन पाकिटं धाडली, एक हिरव्या सुट्या पानांचं आणि एक तांबूस पानांचं. शिवाय एक रॉकेटचं. शोधल्यावर कळलं की रॉकेट म्हणजे राजस्थानकडे तेलासाठी पेरतात तो तारामिराच. मोहरीच्या कुळातला आहे, म्हणजे पानाला झणका असणार.

९ ऑक्टोबर

आठ जुने कॅरेट आणले, टमाट्याच्या व्यापाऱ्याकडून, ९० रुपयांना एक. आतून गोणपाटाचं अस्तर लावलं. माती वीतभरच भरायची. ओली झाल्यावर एक कॅरेट ४०–४५ किलोचं होतं, म्हणून आठही कॅरेट भिंतीलगत, तुळईवर मांडले. गच्चीच्या मधोमध एकही ठेवला नाही.

मातीवर आज अख्खा दिवस गेला, आणि जावाच असा. गेल्या वर्षी कुंड्यांत नुसती शेतातली काळी माती भरली होती, ती चूक पुन्हा करायची नाही. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. शेतात कापसाची, तुरीची मुळं खोल जातात, त्यांना हे चालतं. वीतभर मातीत मात्र भेग पडली की कोवळी मुळं तुटतात, आणि वरून घातलेलं पाणी भेगेतून सरळ खाली गळून जातं. माती वरून चिंब दिसते आणि आत कोरडी असते.

या वेळचं माप असं: दोन घमेली काळी माती, एक घमेलं नदीकाठचा पोयटा, दीड घमेलं जुनं शेणखत आणि एक घमेलं भिजवून फुलवलेलं कोकोपीट. शेणखत शेजारच्या आप्पांच्या उकिरड्याच्या तळातलं घेतलं, वर्षाहून जुनं. हातात घेतलं तर शेणाचा वास येत नाही, पहिल्या पावसाच्या मातीचा येतो. मूठ दाबली की लाडू होतो आणि बोटानं टोचलं की फुटतो, इतपत मिश्रण जमलं.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला, आज पेरणी. मेथी रात्रभर भिजवून फेकून पेरली. धणे लाटण्याखाली रगडून दोन फाकी केले, कारण एका धण्यात दोन बिया असतात. मुळा, करडई, रॉकेट एकेका कॅरेटात. लेट्यूस दोन कॅरेटांत, ओळी पाडून, बोटाच्या एका पेराइतकं खोल. कांद्याची पात हवी म्हणून घरातलेच कोंब आलेले १२ कांदे खोचले.

दुपारी गच्चीवर सावलीत ३४ अंश.

२१ ऑक्टोबर

मेथी चौथ्या दिवशी वर. रॉकेट तिसऱ्याच दिवशी. मुळा, करडई उत्तम. धण्यांची आज कुठे टोकं दिसतायत. लेट्यूसचं एकही रोप नाही.

आधी वाटलं बी जुनं असेल. नंतर वाचून, विचारून दोन चुका सापडल्या. पहिली, लेट्यूसच्या बीला उगवायला उजेड लागतो, आणि मी ते पेरभर मातीखाली गाडलं. दुसरी चूक मोठी. हे थंड हवेचं पीक आहे. १५ ते २० अंशांत बी झटकन उगवतं. माती तिशीच्या आसपास गेली की जिवंत असूनही ते झोपून राहतं. त्याच्या दृष्टीनं ते शहाणपणाचंच आहे, कारण उन्हाळ्यात उगवलेलं रोप जगणार नाही. ऑक्टोबर हीटमधली आमची गच्ची त्याला उन्हाळाच वाटली.

उपाय साधा आहे. बी ओल्या मलमलीत गुंडाळून डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवलं, खालच्या भाजीच्या कप्प्यात. दोन दिवस तिथे, मग माठाच्या तिवईखाली गारव्याला.

२६ ऑक्टोबर

मलमल उघडली तर पांढरे मोड, मुंगीच्या पायासारखे. आनंद इतका झाला की हिला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवले. मोड आलेलं बी चिमटीत धरलं तर मोडतं, म्हणून लेकीच्या जुन्या रंगाच्या ब्रशचं टोक ओलं करून एकेक उचललं आणि मातीच्या पृष्ठभागावर टेकवलं. वरून कोकोपीटची चिमूट, झाकण्यापुरतीसुद्धा नाही. संध्याकाळी सहाला हे केलं, म्हणजे रात्रभर गारवा मिळेल. एक फेरी हिरव्याची, एक तांबूसची. एकूण ३० जागा.

२ नोव्हेंबर, पाडवा

लेक दिवाळीला आलीय. मेथीला आज २० दिवस झाले. पानं चार-चार, देठ अजून सुईसारखा. मेथीचा घोळाणा करायचा तर हीच वेळ. आणखी आठ दिवस थांबलं की देठात दोरा येतो आणि ती भाजीची मेथी होते.

चार वाजता ऊन उतरल्यावर कात्रीनं एक बाजू कापली. वजन १४० ग्रॅम. तीन पाण्यांतून काढली. तिसऱ्या पाण्याच्या तळाशी वाळूचा एक कण नव्हता. मग माठातल्या पाण्यात पाव तास बुडवून ठेवली, कारण उन्हात तापलेलं पान तोडल्यावर लगेच मान टाकतं. गार पाणी प्यायलं की पुन्हा ताठ होतं.

घोळाणा मायनं केला. कुणाला हात लावू दिला नाही. पात नव्या कांद्याची, कूट घरचा, तेल शेंगदाण्याचं. पहिला घास तिनं स्वतः घेतला नाही, हिच्या ताटात वाढला. दोन महिन्यांनी ही कच्चं पान खात होती आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. लेक म्हणाली, "पप्पा, आमच्याकडे कँटीनमध्ये सलाड म्हणतात त्याहून हे भारी आहे." मला ते शंभर टक्के पटतं. सलाड हा शब्द आपल्याकडे काकडी-टमाट्याच्या चकत्यांना चिकटला, म्हणून घोळाण्याला कुणी सलाड म्हणत नाही. कच्ची पानं, तेल, मीठ, तिखट आणि दाणे: दुसरं काय असतं त्यात?

१० नोव्हेंबर

लेट्यूसची ३० पैकी ११ रोपं गेली. बुडाशी दोरा आवळल्यासारखी बारीक झाली आणि एका रात्रीत आडवी पडली. ही रोपमर. ओल्या, दाटीच्या मातीत बुरशी वाढते आणि कोवळा देठ कुजवते. दोष माझा, संध्याकाळी शाळेतून आलो की हौसेनं झारी धरत होतो. रात्रभर माती ओली राहायची. माय दोनदा म्हणालीही, "पानी कितलं टाकस रे भाऊ?"

आता पाणी फक्त सकाळी. बोट दोन पेरं खुपसायचं, खाली ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पाणी घरात पितो तेच नळाचं.

चिमण्यांनी मुळ्याचे कोंब खुडले. ठिबकच्या जुन्या नळीत तार घालून कमानी केल्या आणि वर मच्छरदाणी ताणली. दुसरी मेथी पेरली. यापुढे दर बारा दिवसांनी एक पेर, म्हणजे एकदम ढीग आणि मग काहीच नाही असं होणार नाही.

२४ नोव्हेंबर

आप्पा गच्चीवर आले होते. चांगले बागायतदार आहेत, त्यांच्या शब्दाला गावात मान आहे. म्हणाले, "मास्तर, चिमूटभर युरिया टाका. आठ दिवसांत पाला कसा काळाभोर होतो बघा." मी हात जोडून नाही म्हटलं, आणि कारणही सांगितलं. पालेभाज्या नत्र मिळेल तितकं ओढून घेतात आणि वापरून न झालेलं नायट्रेट पानात साठवतात. पान दिसायला हिरवंगार, पण ते आपण कच्चंच खाणार. दिवसभराच्या उन्हात झाड साठवलेलं नायट्रेट वापरतं, म्हणून मी तोडणीही सकाळी न करता संध्याकाळकडे नेली आहे. आप्पांनी ऐकून घेतलं. कापसाला द्यावं लागतं, हे त्यांचंही खरं.

शाळेतल्या एका सहकाऱ्यानं जीवामृत सुचवलं. शेतासाठी मी त्याच्या विरोधात नाही. पण जीवामृतात ताजं शेण असतं, आणि आठवड्याभरात कच्चं खायच्या पानावर ताज्या शेणाचं पाणी शिंपडायला माझं मन घेत नाही. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, मातीला टेकणारं पीक असेल तर कच्चं शेण घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जावे लागतात. माझी मेथी वीस दिवसांची आहे. सेंद्रिय म्हटलं की सगळं निर्धोक, असं मानणारे भेटतात तेव्हा मला काळजी वाटते. ज्या घरात विषमज्वर येऊन गेलाय त्या घरात तरी पूर्ण कुजलेलं खतच चालेल.

१ डिसेंबर

लेट्यूसची पहिली तोडणी. १९ रोपं दोन कॅरेटांत विरळ करून लावली होती, ती आता हातभर घेराची झालीत. झाड उपटायचं नाही, मधला गाभा ठेवून बाहेरची तीन-चार पानंच देठाशी मोडून घ्यायची. गाभ्यातून नवी येत राहतात.

मायच्या हातात पान दिलं. तिनं उलटंसुलटं करून पाहिलं. "हाई काय शे रे भाऊ?" नाव सांगितलं, ते तिला रुचलं नाही. मग तिचं लक्ष मोडलेल्या देठाकडे गेलं. तिथे दुधाचा थेंब आला होता. तिनं तो बोटावर घेतला, जिभेला लावला आणि हसली. "कडू लागस. हाई ते पाथरीनी बहीन शे!"

पाथरी आमच्याकडे दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, शेतात, बांधावर आपोआप येणारं तण. पानं जमिनीला चिकटून पसरतात, मोडली की दूध निघतं. निंदायला गेलेल्या बाया ती तिथेच भाकरीबरोबर कच्ची खायच्या. दुभत्या जनावराला घालतात. मायचं अर्धं आयुष्य निंदणीत गेलं. तिला पुस्तक लागलं नाही.

रात्री ताटात लेट्यूस, रॉकेट, थोडी करडई, पात आणि वर तोच कूट-तेल-तिखट. रॉकेट मोहरीसारखं नाकात जातं. लेट्यूस एकटं सपक आहे, पण करडईच्या उग्रपणाला आणि रॉकेटच्या झणक्याला ते आवरून धरतं. तिघं एकत्र उत्तम.

३ डिसेंबर

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मित्राला पाथरीचं विचारलं. माय अगदी बरोबर निघाली. लेट्यूस, करडई, पाथरी तिन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, आणि त्यातही लेट्यूस व पाथरी एकाच दुधाळ पोटगटातली. लेट्यूसचं शास्त्रीय नाव लॅक्टुका, ते लॅटिनमधल्या दुधाच्या शब्दावरूनच आलंय. मायला सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नाही.

२२ डिसेंबर

सगळं सुरळीत. मेथीची चौथी पेर. करडई दहा-बारा बोटांची होताच खुडावी, त्यापुढे पानाच्या कडेला काटे धरतात.

५ जानेवारी

पहाटे गच्चीवर ९ अंश. मेथी मंदावली, २० दिवसांऐवजी २८ लागतायत. लेट्यूस मात्र खुशीत आहे. पानं जाड, कुरकुरीत, कडूपणा जवळजवळ नाही. तांबूस जातीचा रंग थंडीनं गडद झाला, वांग्याच्या सालीसारखा.

दोन दिवस आभाळ होतं आणि लगेच मुळ्यावर मावा आला. पानं उलटली तर खाली हिरवी पूड सांडल्यासारखे किडे. निंबोळी अर्क करता आला असता. निंबोळ्या कुटून ५० ग्रॅम पूड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायची आणि गाळून फवारायची. पण त्याचा कडूपणा पानावर राहतो आणि पान कच्चं खायचं आहे. जास्त लागलेली पानं काढून लांब टाकली, बाकीच्यांवर पाण्याची बारीक धार खालून वर मारली. तीन सकाळी. चौथ्या सकाळी लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे दिसले. हे माव्यावर जगतात. अर्क फवारला नाही याचं समाधान वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

काल भोगीच्या भाजीला मुळ्याचा पाला, पात, कोथिंबीर घरची. चार घरी लेट्यूस वाटलं. दोन घरांनी शिजवलं. सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं.

२ फेब्रुवारी

आजवरचं वजन, स्वयंपाकघरातल्या काट्यावर: लेट्यूस २ किलो ६००, मेथी १ किलो ९००, मुळ्याचा पाला ७०० ग्रॅम, रॉकेट ५००, करडई ४५०, कोथिंबीर ३८०. पात मोजली नाही, येता-जाता खुडली गेली.

खर्च १,४५० रुपये, कॅरेट धरून. हिवाळ्यात बाजारात मेथीची जुडी दहा रुपयांना मिळते, त्यामुळे पैशांच्या हिशेबात हे महाग आहे, यात शंका नाही. कॅरेट आणखी चार-पाच वर्षं टिकतील तेव्हा थोडं स्वस्त पडेल. मी हे पैसे वाचवायला केलं नव्हतं. हिचं वजन परत आलंय आणि रात्री ताट वाढताना ती स्वतः गच्चीवर जाते, कात्री घेऊन.

२३ फेब्रुवारी

आप्पांच्या बांधावरून पाथरीची दोन रोपं मुळासकट आणली. मायला दाखवायला. तिनं ती लेट्यूसच्या कॅरेटात एका कोपऱ्यात लावायला लावली.

दुपारी ३५ अंश. हिरवी जाळी बांधली, अर्धी सावली देणारी.

९ मार्च

लेट्यूस उंच निघालं. आठ दिवसांत मधून दांडा आला, पानं अरुंद, टोकदार आणि कडूजहर. दिवस मोठा झाला आणि ऊन चढलं की हे झाड पानं सोडून फुलाच्या मागे लागतं, दूध दाट होतं. जाळीनं फार तर दहा दिवस जास्त मिळाले. पाणी वाढवून, पानं तोडून ते थांबत नाही.

एवढं कळलं की आमच्या भागात लेट्यूसचं पान डिसेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत. तीन महिने. पुढच्या वर्षी पेरणी दसऱ्याऐवजी कोजागिरीनंतरच, तीही फ्रीजमध्ये मोड आणून. मेथीला दोन्हीकडून महिनाभर जास्त मिळतो.

१७ झाडं काढून खतात टाकली. दोन ठेवली, बियांसाठी.

३० मार्च, गुढीपाडवा

मुळ्याच्या रिकाम्या कॅरेटात घोळ आपोआप उगवलीय. मांसल गोल पानं, लाल देठ. बहुतेक शेणखतातून बी आलं असेल. दुपारी ४० अंश असताना बाकी सगळं माना टाकून बसलेलं आणि ही ताठ. पाण्याची ओढ पडली की घोळ पानाची रंध्रं दिवसा मिटून रात्री उघडू शकते, म्हणून ती तगते. चव आंबूस. त्या आंबटपणात ऑक्झॅलिक आम्ल असतं, त्यामुळे मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी जपून खावी. आम्ही कांदा आणि कैरीच्या किसाबरोबर मूठभर खातो. उन्हाळ्याचा घोळाणा हाच.

लेट्यूसला पहिली फुलं आली. बोटाच्या नखाएवढी, फिकट पिवळी, सकाळी उघडतात आणि ऊन चढायच्या आत मिटतात. त्याच कोपऱ्यात पाथरीलाही फूल आहे, तसंच पिवळं. मायला हात धरून जिन्यावरून वर आणलं. तिनं दोन्ही फुलं एका ओंजळीत धरून पाहिली.

१७ एप्रिल

फुलांचे म्हातारीचे बोंडुले सुटायला लागले. लेट्यूस स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे बी बहुतेक जातीचंच निघतं. वारा सुटायच्या आत, सकाळी सातला, बोंडं कागदी पिशवीत खुडली, तळहातावर चोळली आणि सुपात हलकं फुंकर मारून पाखडली. दोन झाडांचं मिळून ९ ग्रॅम बी. एका ग्रॅममध्ये हजाराच्या आसपास बिया येतात, म्हणजे आख्ख्या गल्लीला पुरेल. तीन दिवस सावलीत वाळवून बाटलीत भरेन आणि फ्रीजमध्ये ठेवेन. आप्पांनी एक पुडी मागून ठेवलीय.

पाथरीचं बीही धरावं का, असं मायला विचारलं. ती म्हणाली, कशाला, ते उडू दे. दुपारपर्यंत त्या कोपऱ्यात एकही म्हातारी राहिली नव्हती.

दोन कॅरेट घोळीला सोडले. बाकी सहांवर शेणखताचा थर घातला, वरून गोणपाट. पाऊस पडेपर्यंत आठवड्याला एक तांब्या पाणी, गांडुळं जगावीत म्हणून.